अक्कांची कुंडी आणि शेपटीतली कप्पी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादक काकूंनी मला लेख मागितला, तेव्हा त्यांना माझ्या आयटीतल्या नोकरीबद्दल काहीतरी हवं होतं. मी हो म्हणाले आणि बरेच दिवस कागद कोराच राहिला. बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या ज्या कंपनीत मी आता जाते, तिथे मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. त्याबद्दल सांगण्यासारखं मला अजून काही कळलेलं नाही. थोड्याफार खात्रीने लिहिता येईल असं काम मी एकच केलंय. कप्प्या करण्याचं. विहिरीच्या नव्हे, विमानाच्या.

काकूंना फोन करून विचारलं, हे चालेल का. त्या म्हणाल्या, "विमानाच्या? तू कधी बसलीस ग विमानात?"

बसले नव्हते. अजूनही बसलेले नाही. तरी लिहिते.

मी निपाणीची. बाबा टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय नसतं हे मला शेवटपर्यंत नीट समजलं नाही. बेळगावला डिप्लोमा केला आणि मग इंजिनिअरिंगला बंगळूरला आले. वर्गात मी फारशी बोलत नसे, पण वर्कशॉपमध्ये लेथ सुरू झाला की मला बरं वाटायचं. ते तिथल्या सरांच्या लक्षात आलं असावं. एकदा त्यांनी मला थांबवून सांगितलं, "जयनगरात एक गृहस्थ राहत्या घरी विमान बांधतायत. तुमची मराठीच माणसं. लेथवर हात चालणारं कुणी हवंय त्यांना. जाशील?"

मला वाटलं, खेळण्यातलं असेल.

गणपतअण्णांच्या घराच्या पोर्चमध्ये, जिथे गाडी असायला हवी तिथे, लाकडी घोड्यांवर विमानाचं धड ठेवलेलं होतं. पंख नव्हते, चाकं नव्हती, खिडक्यांच्या जागी भोकं. सोललेल्या मोठ्या माशासारखं दिसत होतं. पंख हॉलमध्ये भिंतीला लावून उभे केले होते, त्यांच्यावर जुनी चादर. दार उघडलं ते शांताअक्कांनी, अण्णांच्या बायकोने. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "चप्पल तिथे काढ. आणि पंखाला धक्का लावू नकोस, मला लागला तर चालतो."

या दोघांची घराणी किती पिढ्यांपासून बंगळुरात आहेत ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं. मला दोन्ही येत असल्याने अडलं नाही. अण्णा मशिन टूलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनी हौसेने वैमानिकाचं लायसन काढलं होतं आणि ते इतकी वर्षं जपून चालू ठेवलं होतं. स्वतः बांधलेलं विमान स्वतः उडवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी माझी मुलाखत अशी घेतली: भोक पाडलेला ॲल्युमिनियमचा तुकडा हातात दिला आणि म्हणाले, "बोट फिरव. काय लागतं?"

"किनार टोचते."

"मग?"

टेबलावर एक जाडं ड्रिलचं पातं पडलं होतं. मी ते हातानेच भोकात फिरवून किनार मोडली आणि तुकडा परत दिला. त्यांनी बोट फिरवलं. "सरी," म्हणाले. म्हणजे ठीक. काम मिळालं.

त्यांना माणूस का हवं होतं, ते नंतर कळलं. शहरात लेथवाल्या टर्नरची दुकानं काय कमी आहेत? पण विमानाचं नाव काढलं की कुणी हात लावत नसे. अण्णा मला घेऊन पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका दुकानात गेले होते. मालकाने कप्पीचा नमुना उलटसुलट पाहिला, करतो म्हणाला, आणि सहज विचारलं कशाला हवंय. अण्णा खोटं बोलू शकत नाहीत. मालकाने नमुना हळूच त्यांच्या बाजूला सरकवला. "सर, उद्या काही झालं तर पेपरात माझ्या दुकानाचा फोटो येईल." घरी आल्यावर अक्का म्हणाल्या, "सांगायचं होतं ना, शिलाई मशिनचं आहे म्हणून." अण्णा म्हणाले, "मग तो शिलाई मशिनसारखंच करेल."

म्हणून आम्ही घरीच करायचो. मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर, त्याखाली एक जुना लेथ, एक ड्रिल आणि पत्रा वाकवायचं यंत्र. मी शनिवार-रविवारी मारतहळ्ळीच्या माझ्या खोलीवरून बस बदलत यायचे.

आता हे काम काय असतं ते सांगते. छोट्या विमानात वैमानिकाच्या हातात एक दांडा असतो. तो मागे ओढला की शेपटीची आडवी फळी वर होते आणि विमान नाक वर करतं. पुढे ढकलला की उलट. दांड्यापासून शेपटीपर्यंत जाते ती पोलादी तारांची बारीक केबल, सायकलच्या ब्रेकची असते तशी, पण पुष्कळ मजबूत. ही केबल सरळ जात नाही. सीटखालून वळते, शेपटीत चढते, आणि प्रत्येक वळणावर तिला एक कप्पी लागते. कप्पी म्हणजे तळहाताएवढी चकती, मध्ये बेअरिंग, कडेने खाच. ती आम्ही राळ घालून दाबलेल्या कापडाच्या तपकिरी गोल दांड्यातून कापायचो. दिसायला ते लाकूड वाटतं, पण लेथवर धरलं की औषधाच्या बाटलीसारखा वास येतो आणि धूळ नाकात जाते.

खाच रुंद झाली तर केबल आत डुलते, अरुंद झाली तर घासते. कप्पी जरा तिरकी बसली तर केबल एका बाजूने झिजत राहते, रोज थोडी. आणि केबल सैल पडून खाचेतून बाहेर आली, तर वैमानिकाच्या हातात उरतो नुसता दांडा. म्हणून प्रत्येक कप्पीच्या तोंडाशी एक छोटी पिन असते, केबलला बाहेर पडू न देणारी. ही पिन लावल्याशिवाय अण्णा जेवायला उठत नसत. आत अक्का दोनदा हाका मारायच्या आणि मग म्हणायच्या, "ठीक आहे, पिनेलाच वाढते."

बाबांनी गावात सांगून टाकलं होतं की पोरगी विमानं बनवते. फोनवर विचारायचे, "कंपनी कुठली ग? लोक विचारतात."

"कंपनी नाही बाबा. एका आजोबांच्या घरी."

"घरी? बरं, मी कंपनीच सांगतो."

कप्पी ज्यात बसते ते पत्र्याचं ब्रॅकेट. माझी खरी कसोटी त्यात होती. नकाशात फक्त डाव्या बाजूचं ब्रॅकेट काढलेलं असतं आणि कोपऱ्यात लिहिलेलं असतं, उजवं याच्या उलट. हे 'याच्या उलट' पत्र्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी गोत्यात आणतं. शेपटीतली जोडी मी आणि अण्णांनी मिळून केली. भोकं पाडली, वाकवली, घासून गुळगुळीत केली, आणि शेजारी शेजारी ठेवल्यावर दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. दोन्ही डावी होती. आरशातलं करायचं ते आम्ही समोरचंच पुन्हा केलं होतं.

"अय्यो," अण्णा म्हणाले. "एका माणसाला दोन डावे पाय."

मग एक उजवं केलं आणि एक डावं जास्तीचं उरलं. पत्रा तेव्हा संपत आला होता. ती तिन्ही ब्रॅकेटं उरलेल्या पट्टीतून काढली होती. साचा सरळ बसत नव्हता, तेव्हा अण्णा म्हणाले, "आडवा फिरव, बसेल." मी फिरवला. बसला. चांगला पत्रा टाकून देणं आम्हा दोघांच्याही स्वभावात नव्हतं.

जास्तीचं डावं ब्रॅकेट अक्कांनी मागून घेतलं. पोर्चच्या कडेला त्यांना मनीप्लांटची कुंडी टांगायची होती. अण्णांनी स्वतः ते भिंतीला ठोकून दिलं. अक्का खूश. "इतक्या वर्षांत या विमानाने मला पहिल्यांदा काहीतरी दिलं."

त्याच सुमारास अण्णांनी मला शब्द दिला. विमान दोन सीटचं होतं. पहिलं उड्डाण एकट्याने करायचं असतं, ते अण्णा करणार. पण दुसऱ्या वेळी उजव्या सीटवर मी. "जिने कप्प्या केल्या ती बसायलाच हवी," म्हणाले. "नाहीतर कप्प्या नीट करणार कोण?" ते हसत बोलले, पण मी हसले नाही. त्या दिवसापासून काहीही करताना माझ्या डोक्यात ती सीट असायची. लेक्चरमध्येही पाय हलत राहायचा. शेजारच्या मुलीने एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला होता.

पुढे सगळ्याच गोष्टी घाईच्या झाल्या. मला कॅम्पसमधून नोकरी लागली, जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. अण्णांची वैद्यकीय तपासणी जवळ आली होती. वैमानिकाला ठरावीक काळाने ती द्यावी लागते आणि त्यांचा उजवा डोळा गेलं वर्षभर त्रास देत होता. ते बोलत नसत, पण पेचाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर बसवताना मान तिरकी करायचे. या वेळी तपासणीत पास होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे तपासणीच्या आत विमान तयार व्हायला हवं होतं, नाहीतर ते दुसऱ्याच कुणाच्या हातून उडणार. शेपटीच्या पोटाचा पत्रा आम्ही रिव्हेट मारून, म्हणजे पुन्हा सहज न निघणाऱ्या खिळ्यांनी, बंद केला. केबल ताणून झाली. दांडा ओढला की पोर्चच्या त्या टोकाला फळी उचलली जायची, आणि रस्त्यावरून जाणारे लोक थांबायचे. एका शेजाऱ्यांनी फाटकातून गंभीरपणे विचारलं होतं, "सर, इथूनच उडणार का? म्हणजे मी गाडी काढून ठेवतो."

आणि एका शनिवारी मी पोचले तेव्हा अक्का पोर्चमध्ये माती झाडत होत्या.

"ये. तुझं ब्रॅकेट माझी एक कुंडी धरू शकलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि हे उडायला निघालेत."

अण्णाही हसले. तुटलेलं ब्रॅकेट त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकलं होतं. मी सहज उचलून पाहिलं. पत्रा जिथे वाकवला होता, बरोबर त्या वळणावर तो तुटला होता, पट्टी लावून कापल्यासारखा. वेडावाकडा तुटला असता तर मला काही वाटलं नसतं. मी ते उन्हात धरलं. पत्रा कारखान्यात लाटताना त्यावर एका दिशेने बारीक रेघा पडतात. त्या रेघा तुटीला समांतर होत्या.

माझी आई कापड बेतते तेव्हा आधी उभा धागा कुठला, आडवा कुठला ते बघते. कापड कमी पडत असलं तरी ती बाही आडवी फिरवत नाही. गिऱ्हाइकाला सांगते, अर्धा मीटर अजून आणा. पत्र्यालाही तसंच असतं. रेघांवर आडवी घडी घातली तर टिकते. रेघांच्या दिशेने घातली तर त्या वळणात बारीक भेग राहू शकते, आणि हलून हलून ती वाढत जाते. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. अण्णांनी तर कारखान्यात जन्म काढला होता. तरी त्या दिवशी आमच्या दोघांच्याही मनात फक्त एकच होतं, पट्टीत साचा बसतो की नाही.

शेपटीत या ब्रॅकेटची दोन भावंडं होती. रंगवलेली, बंद केलेली.

मी ते ब्रॅकेट दुपारभर हातात घेऊन फिरत होते. पाणी प्यायले, परत आले. दिलेलं काम करायला बसले, उठले. संध्याकाळी निघताना बोलले.

"अण्णा, शेपटीतली दोन्ही याच पट्टीतली आहेत."

त्यांनी मान वर केली नाही. "कुंडी पाण्याने जड झाली होती."

"ती वाऱ्याने हलत होती म्हणून तुटली."

"मग?"

"विमानातही हलणारच की."

त्यांनी ब्रॅकेट घेतलं, खिडकीशी नेलं, डावा डोळा जवळ नेऊन पाहिलं. बराच वेळ. मग मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "पोट उघडायचं म्हणजे काय ते माहीत आहे ना तुला? सगळे रिव्हेट काढायचे, पुन्हा करायचं, पुन्हा तपासून घ्यायचं. तोवर माझं काय होणार? तू तर नोकरीला जाशील. तुझ्या पुढे अख्खं आयुष्य आहे विमानात बसायला."

हे सगळं मीही मोजून पाहिलं होतं. ते उडणार नसतील तर माझी सीटही गेली. एवढंच म्हणाले, "मी उद्या येऊ का?"

"नको. घरी बस. अभ्यास कर."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नेहमीसारखा डबा दिला नाही, तेव्हा मला समजलं की त्यासुद्धा घाबरल्या आहेत.

रविवारी सकाळी मी खोलीत बसू शकले नाही. कपडे धुतले, वाळलेले पुन्हा धुतले. मारतहळ्ळीवरून विमानं खूप खालून जातात. प्रत्येक आवाजाला मी गॅलरीत यायचे. मग फोन वाजला. अण्णा होते. कालचं काहीच झालं नसल्यासारखा त्यांचा स्वर.

"दीपा, रिव्हेट काढायचं ते बारीक पातं कुठे ठेवलंस? पहिली ओळ झाली माझी. ते मोठं पातं भोक खराब करतंय."

"कपाटात, डाव्या खणात. अण्णा, ते मोठं वापरू नका. मी येते."

"स्वल्प लवकर ये," म्हणाले.

ब्रॅकेटं बाहेर काढून रंग उतरवला. भेग तपासायला एक लाल द्रव असतो. तो लावायचा, पुसून टाकायचा आणि वर पांढरी पूड फवारून थांबायचं. भेग असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यात वर येतो. आम्ही दोघं वाकून बघत होतो, अक्का आमच्या खांद्यांवरून. उजव्यावर काहीच आलं नाही. डाव्यावर, वळणावर, केसासारखी एक लाल रेघ हळूहळू उमटली.

अक्का म्हणाल्या, "देवा." मग अण्णांना म्हणाल्या, "माझी कुंडी भरून द्या."

नवा पत्रा आणला. या वेळी रेघा कुठल्या दिशेने आहेत हे स्केचपेनने त्याच्यावर मोठे बाण काढून ठेवलं. एक डावं, एक उजवं. उजवं करताना अण्णा प्रत्येक घडीला विचारत, "हे आरशातलं ना?" मी हो म्हणायचे आणि तरीही दोघं एकदा डाव्याच्या शेजारी धरून बघायचो. पहिल्यापेक्षा सावकाश झालं सगळं. मधेच ते तपासणीला जाऊन आले. चप्पल काढताना म्हणाले, "डोळा." आणि कानस घेऊन अर्धवट राहिलेलं ब्रॅकेट घासायला बसले. त्या दिवशी त्यांनी ते इतकं घासलं की मला ते हातातून काढून घ्यावं लागलं.

मी नोकरीला लागले. सुट्टीला येत राहिले. पंख सुटे करून विमान ट्रकने शहराबाहेरच्या एका छोट्या धावपट्टीवर नेलं. दोर कसे बांधायचे ते बाबांनी निपाणीहून फोनवर सांगितलं, अण्णांनी स्पीकरवर निमूट ऐकून घेतलं. सरकारी तपासण्या झाल्या. उडवायला अण्णांच्या ओळखीचे एक निवृत्त वैमानिक तयार झाले, आम्ही त्यांना कॅप्टन म्हणायचो. पहिलं उड्डाण त्यांनी एकट्याने केलं. ते वर असताना मी मनात केबलवरून चालत होते, दांड्यापासून शेपटीपर्यंत, एकेक कप्पी, एकेक पिन. शेपटीतल्या डाव्या ब्रॅकेटपाशी आले की परत पहिल्यापासून. शेजारी अण्णांची मूठ दांडा धरल्यासारखी थोडी पुढे, थोडी मागे होत होती.

कॅप्टन उतरले आणि म्हणाले, "छान हलकं आहे. चला, आता कोण येतंय?"

उजवी सीट एकच होती. अण्णा माझ्याकडे वळले. "शब्द दिला होता. बस."

"नाही अण्णा. तुम्ही आधी."

"मी उडवणार होतो. नुसतं बसायचं तर तूच बस."

"विमान तुमचं आहे."

"कप्प्या कुणी केल्या?"

इंजिन चालू होतं. कॅप्टन घड्याळ बघत होते. आमचं चाललंच होतं. तेवढ्यात अक्कांनी पदर कमरेला खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि आत जाऊन बसल्या. पट्टा कसा लावायचा ते कॅप्टनना विचारलं आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "कुंडी फुटली कुणाची? माझी. बाजूला व्हा दोघं."

त्या गेल्या. विमान झाडांच्या वर एवढंसं झालं. अण्णा म्हणाले, "तिने चष्मा घातलाय ना?" मी म्हणाले, घातलाय. मग दोघंही पुन्हा केबलवरून चालू लागलो. आता ते चालणं आणखी अवघड होतं.

उतरल्यावर अक्कांचे केस विस्कटले होते आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. म्हणाल्या, "आपलं जयनगर कुठून दिसतं तिथे? नुसती झाडं." आणि पुढे, "ते सीटखाली तुमचं काहीतरी किरकिरतं हं. वळताना."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अण्णा आधीच खिशात स्क्रूड्रायव्हर शोधत होते. बघायला आलेली माणसं फोटो काढत होती, कुणीतरी पेढे उघडले होते, आणि आम्ही दोघं सीटखालची झाकणी उघडून कप्पीला कान लावून बसलो होतो. बेअरिंगमध्ये धूळ शिरली होती, बाकी काही नव्हतं. पण ती साफ होईपर्यंत वारा वाढला आणि कॅप्टन म्हणाले, आज पुरे.

तेव्हापासून दोन रविवार वारा होता आणि एक रविवार कॅप्टनना ताप. आधी कोण बसणार हा वाद मिटलेला नाही. रोज संध्याकाळी अण्णांचा फोन येतो, हवामान सांगायला. कालही आला होता. मागून अक्कांचा आवाज ऐकू येत होता, "तिला सांगा, दोघांचं ठरत नसेल तर परत मी जाते."